‘मिटवून टाका’ म्हणायच्या आधी: कारखान्यात बाईला त्रास झाला तर युनियननं आणि मालकानं काय करायचं

काजू कारखान्यात सोलणाऱ्या बाईचा सगळा दिवस वजनकाट्यापाशी येऊन ठरतो. सकाळी ड्रायरमधून निघालेला माल ट्रेमध्ये मिळतो. मांडी घालून बसायचं, सुरीनं साल काढायची, अख्खा गर वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. संध्याकाळी सुपरवायझर वजन करतो, वहीत आकडा लिहितो आणि त्या आकड्यावर मजुरी. माल नीट वाळलेला असला तर साल नुसती चोळली तरी सुटते. अर्धवट वाळलेला असला तर ती गराला चिकटून बसते, जोर केला की गर तुटतो, आणि तुकड्याला भाव कमी. कोणाच्या पुढ्यात कुठला ट्रे ठेवायचा हे सुपरवायझरच ठरवतो. म्हणजे ट्रे देणारा, वजन करणारा आणि आकडा लिहिणारा माणूस एकच.

वेंगुर्ला तालुक्यातल्या अशा एका कारखान्यात मी बावीस वर्षं काजू सोलले. शेवटची नऊ वर्षं युनियनच्या कमिटीवर होते. आता बोटं साथ देत नाहीत म्हणून सोलणं सोडलं, पण दोन कारखान्यांच्या अंतर्गत समितीवर, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीवर, बाहेरची सदस्य म्हणून जाते. काट्याचं आधी सांगितलं, कारण आमच्याकडे त्रास बहुतेक वेळा तिथेच सुरू होतो, भर दिवसा, चाळीस बायकांच्या देखत. ट्रे देताना बोटं धरून ठेवायची. ‘आज कोणासाठी नटलंस’ म्हणायचं. रात्री मोबाइलवर नको ते फोटो पाठवायचे. बाईनं झिडकारलं की दुसऱ्या दिवसापासून तिच्या पुढ्यात ओला ट्रे.

कामाच्या ठिकाणी बायांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या कायद्यात हे सगळं छळ म्हणूनच धरलंय. अंगाला हात लावणं, शरीरसुखाची मागणी, अश्लील बोलणं, अश्लील चित्रं दाखवणं, आणि नकोशी वाटणारी अशी दुसरी कुठलीही वागणूक, मग ती अंगाची असो, शब्दांची असो की नुसत्या खुणेची. ‘ऐकलंस तर चांगलं काम देतो, नाहीतर बघ’ हे उघड किंवा आडून सुचवणं तर त्या कायद्यात वेगळं लिहिलेलंच आहे. ओला ट्रे म्हणजे तेच.

आधी माझी चूक

२०११ साली, गणपतीच्या आदल्या पंधरवड्यात, माझ्या शेजारी सोलायला बसणारी एक मुलगी माझ्याकडे आली. तेवीस-चोवीस वर्षांची असेल. तिनं सगळं सांगितलं. मी कमिटीवर होते, बोनसची बोलणी चालू होती, आणि तो सुपरवायझर युनियनचाच सभासद होता. मी तिला म्हटलं, ‘वायच गप ऱव गो बाय. बोनसाचा बोलणा चालू आसा. गणपती जांव दे.’

गणपती झाले, बोनस मिळाला, आणि ती परत कामावर आलीच नाही. पुढे तिच्या आवशीकडून कळलं की ती आंब्याच्या बागेत मजुरीला जाते, कारखान्याच्या रस्त्यानं चालतसुद्धा नाही. २०१३ चा कायदा तेव्हा नव्हता हे खरं. पण राजस्थानात सरकारी कामातली साथीण भंवरी देवी बालविवाह रोखायला गेली म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९९७ मध्येच सांगितलं होतं की प्रत्येक कामाच्या ठिकाणी तक्रार समिती हवी. आमच्याकडे ती नव्हती. मालकानं केली नाही, आणि आम्ही युनियनवाल्यांनी कधी मागितली नाही. मागण्यांच्या पत्रकात कॅन्टीनचा चहासुद्धा होता, ही समिती नव्हती.

म्हणून युनियनमधल्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं हे: बाईची तक्रार आणि युनियनच्या मागण्या एका टेबलावर आणू नका. बोनस, पगारवाढ, करार यांची बोलणी चालू असली तरी तक्रार त्याच दिवशी आपल्या वाटेनं पुढे गेली पाहिजे. मालक कधी सरळ बोलत नाही, पण सूर असा असतो की तुम्ही हे सोडा, मी ते देतो. त्या बोलण्याला तिथल्या तिथे नाही म्हणा, आणि नाही म्हटल्याचं बैठकीच्या टिपणात लिहा.

ती सांगायला येते तेव्हा

बहुतेक बाया एकदम सांगत नाहीत. आधी दोन दिवस घुटमळतात, एसटी स्टँडपर्यंत सोबत चालत येतात, घरचं काहीबाही बोलतात. तुमच्या लक्षात आलं तर तुम्हीच विचारा. ती बोलायला लागली की ‘खरंच?’ म्हणू नका. ‘आधी का नाही बोललीस?’ म्हणू नका. ‘तो तसा वाटत नाही गो’ हे तर मुळीच म्हणू नका. मी एवढंच म्हणते: ‘बस. तू सांग, मी लिहून घेते. तू सांगशील तेवढंच लिहिते, आणि तुला विचारल्याशिवाय कोणाला दाखवत नाही.’ आणि तो शब्द पाळायचा. तक्रार करणारीचं नाव, आरोप कोणावर आहे, चौकशीत काय निघालं, हे बाहेर फोडायला कायद्यानंच बंदी आहे. समितीतला किंवा चौकशीशी संबंध असलेला माणूस फोडत असेल तर त्याला दंड होतो. वाडीत बातमी किती वेगानं फिरते ते मी सांगायला नको. युनियनच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर एक अक्षर जाता कामा नये.

तारखा हा सगळ्यात मोठा घोळ. बायकांना तारीख आठवत नाही, दिवस आठवतो. ‘संकष्टीच्या आदल्या दिशी’, ‘सातेरीची जत्रा झाली त्या फुडल्या सोमवारी’. ते तसंच लिहून घ्या आणि मग भिंतीवरचं कालनिर्णय उतरवून तिच्यासोबत तारीख शोधा. तारीख एवढ्यासाठी की शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांच्या आत तक्रार द्यायची असते. उशीर झाला आणि त्याला कारण असेल, तर समिती कारण नोंदवून आणखी ३ महिन्यांपर्यंत मुदत देऊ शकते. त्रास पुन्हा पुन्हा झाला असेल तर मोजायचं ते शेवटच्या वेळेपासून. कुठल्याही बाईला ‘आता काय, वेळ गेली’ असं अंदाजानं सांगून परत पाठवू नका.

तक्रार लेखी द्यावी लागते. तिला लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीवर बंधन आहे. ती आजारपणानं किंवा दुसऱ्या काही कारणानं स्वतः देऊ शकत नसेल, तर तिच्या लेखी संमतीनं घटना माहीत असलेला दुसरा माणूस देऊ शकतो. युनियनची पदाधिकारीही त्यात आली. नियमाप्रमाणे ६ प्रती, सोबत असतील ती कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. मजकूर साधा ठेवा. मी लिहिते तो साधारण असा:

‘मा. अध्यक्ष, अंतर्गत समिती. मी सोलणी विभागात … वर्षांपासून काम करते. सुपरवायझर … यांनी दिनांक … रोजी संध्याकाळी वजनाच्या वेळी माझा हात धरला आणि … असे शब्द बोलले. मी हात सोडवून घेतला. त्या वेळी काट्यापाशी … आणि … होत्या. त्यानंतर दिनांक … पासून मला न वाळलेला माल दिला जातो. माझं रोजचं वजन किती होतं आणि आता किती आहे ते सोबत जोडलं आहे. चौकशी पुरी होईपर्यंत माझ्या कामाचं वजन त्यांनी करू नये आणि त्यांना माझ्या विभागातून हलवावं, अशी माझी विनंती आहे.’

शेवटचं वाक्य विसरू नका. चौकशी चालू असताना बदली, तिच्या हक्काच्या रजेव्यतिरिक्त ३ महिन्यांपर्यंत रजा, किंवा त्या माणसानं तिच्या कामाचा शेरा लिहू नये असा हुकूम, हे सगळं तिनं लेखी मागितलं तरच समिती सुचवते. मागितलं नाही तर कोणी आपणहून देत नाही. आणि कोणी काहीही म्हणो, ‘खळबळ माजली’, ‘कारखान्याची बदनामी झाली’ असले शब्द त्या कागदात नकोत. काय झालं, कधी झालं, कोण होतं. बस.

वजनाची वही

हे जरा सविस्तर सांगते, कारण याचा उपयोग मी स्वतः बघितला आहे.

२०१८ मधली गोष्ट, दुसरा कारखाना. बाई दहा वर्षांची जुनी, हात चांगला, दिवसाला आठ-नऊ किलो काढणारी. तिनं सुपरवायझरला सगळ्यांसमोर झटकलं. साक्ष द्यायला कोणी तयार नाही, कारण प्रत्येकीचा ट्रे त्याच्याच हातात. मालक म्हणाला, पुरावा काय? आम्ही त्याच्याकडे तीन महिन्यांची वजनाची वही मागितली. समितीला कागद मागवायचा आणि माणसाला हजर करायचा दिवाणी कोर्टासारखा अधिकार असतो, त्यामुळे वही द्यावी लागली.

वही पुढ्यात ठेवून पट्टीनं एकेक ओळ खाली सरकवत गेलो. ८.४००, ८.९००, ८.१५०, असं चाललेलं. तिनं सांगितलेल्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी ५.२००. मग ४.८००. मग ५.०५०. शेजारी बसणाऱ्या दोघींचे आकडे जिथल्या तिथे. आणि तिच्या तुकड्याचा रकाना मात्र दुपटीनं वाढलेला. सुपरवायझर म्हणाला, तिची तब्येत बरी नव्हती. अध्यक्षबाईंनी हजेरीपट मागवला. एक खाडा नव्हता.

चौकशीत फौजदारी खटल्यासारखा संशयापलीकडचा पुरावा लागत नाही. शक्यता कुठल्या बाजूला जास्त आहे ते बघतात. डोळ्यांनी बघितलेला साक्षीदार नसला म्हणजे केस नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. तुमच्या कामात वही नसेल तर दुसरं काहीतरी असतं. मिरकरवाड्याच्या बाजूला कोळंबी सोलणाऱ्या बायांचे टोकन, लोट्यातल्या कंपनीत गेटवरची नोंद, तारकर्लीच्या होम-स्टेत ड्युटी कोणाला कुठल्या मजल्यावर लावली तो कागद. बाईनं नाही म्हटल्यानंतर कागदावर काय बदललं ते शोधा. आणि तिला पहिल्याच दिवशी सांगा की मोबाइलवर आलेलं किळस येऊन पुसून टाकू नकोस. स्क्रीनशॉट काढून विश्वासाच्या माणसाकडे ठेव.

दोघंही आपलेच सभासद असतील तर

युनियन अडखळते ती इथे. ज्याच्यावर आरोप आहे तो वर्गणी भरणारा, संपात पुढे उभा राहिलेला, भावकीतला सुद्धा. कार्यकारिणीत कोणीतरी म्हणतंच, ‘मालकाला आपला माणूस काढायला निमित्त मिळेल.’ असं खरोखर घडलेलंही असतं, म्हणून ही भीती मी उडवून लावत नाही. पण त्यासाठी बाईला गप्प बसवणं हा उपाय नव्हे.

करायचं ते असं. बाईसोबत एक पदाधिकारी द्या, शक्यतो बाईच. त्याला नियमाप्रमाणे ऐकून घेतलं जातंय की नाही हे बघायला वेगळा माणूस द्या. या दोघांनी एकमेकांशी या विषयावर बोलायचं नाही. त्याला तक्रारीची प्रत मिळणं, उत्तर द्यायला वेळ मिळणं, त्याचे साक्षीदार ऐकले जाणं, हा त्याचा हक्क आहे आणि युनियननं तेवढा जरूर सांभाळावा. त्याच्यासाठी गेटवर घोषणा, तिच्या घरी शिष्टमंडळ, सह्यांची मोहीम, यातलं काही करायचं नाही. समितीपुढे वकील कोणालाच आणता येत नाही, हे दोन्ही बाजूंना आधीच सांगून ठेवा. जो पदाधिकारी एका बाजूला उभा राहिला त्यानं त्या प्रकरणात समितीवर बसू नये, आणि युनियननं स्वतःची वेगळी ‘चौकशी’ तर मांडूच नये. बाईला तेच तेच चार ठिकाणी सांगायला लावणं हाही छळच.

आरोप पदाधिकाऱ्यावरच असेल तर त्याला त्या दिवसापासून बाजूला ठेवा. चौकशी होईपर्यंत वर्गणीची वही, सभेचं निमंत्रण, सगळं दुसऱ्याकडे.

आणखी एक आमच्या मुलखातली गोष्ट. २०१८ च्या त्याच प्रकरणात गावातले दोन मानकरी आले आणि म्हणाले, देवळात जाऊया, कौल लावूया, ज्याचं खोटं असेल त्याला देव बघून घेईल. त्यांचा हेतू वाईट नव्हता. माझीही देवीवर श्रद्धा आहे, गाऱ्हाणं घालताना माझेही डोळे भरून येतात. पण मी त्यांना हात जोडून सांगितलं, देवळात जायचं असेल तर ती तिच्या मनानं जाईल. चाळीस माणसांसमोर तिला उभं करून देवीला लावलेली फुलाची पाकळी उजवी पडली की डावी, यावर तिची मजुरी ठरवायची नाही. ती एवढंच म्हणाली, ‘माका पैशे नको हत. तो थयसून जांवक होयो.’ म्हणजे, तो तिथून गेला पाहिजे.

समेटाला कायद्यात जागा आहे, पण बाईनं स्वतः मागितला तरच, चौकशी सुरू व्हायच्या आधी, आणि पैसे देऊन मिटवणं हा त्याचा पाया असू शकत नाही. मालकानं, सेक्रेटरीनं किंवा मानकऱ्यांनी सुचवलेला समेट हा त्यातला नव्हे.

शेठ, तुम्ही काय करायचं

तक्रार आल्यावर समिती शोधायला निघालात तर तुम्ही आधीच चुकलात. १० किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती लेखी आदेश काढून करावीच लागते, आणि दुसरीकडे शाखा असेल तर तिथली वेगळी. अध्यक्ष वरच्या पदावरची बाई. कामगारांतले किमान दोन सदस्य. एक सदस्य बाहेरची, स्त्रियांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली. निम्म्यापेक्षा कमी बाया चालत नाहीत. मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं. मालकाची बायको किंवा बहीण अध्यक्ष केलेली मी बघितली आहे. तिच्यासमोर कुठली बाई बोलेल?

माणसं मोजताना मस्टरवरची नऊ मोजू नका. रोजंदारीवरच्या, कंत्राटदाराच्या, हंगामी, शिकाऊ, सगळ्या मोजायच्या. कंत्राटदाराची बाई असली तरी ती ‘आमची नाही’ असं म्हणता येत नाही. संध्याकाळी बायांना घरी सोडायला तुम्ही जी गाडी लावता, तीही कामाची जागाच. ड्रायव्हरनं त्रास दिला तरी तक्रार तुमच्याच समितीकडे.

समिती नसेल किंवा कायद्यातलं दुसरं काही पाळलं नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड आहे, आणि पुन्हा तेच झालं तर दुप्पट दंड आणि परवाना रद्द होण्यापर्यंत पाळी येऊ शकते. पण दंडाला घाबरून केलेली समिती मला लगेच ओळखू येते. सदस्यांची नावं आणि फोन ऑफिसच्या आतल्या फळ्यावर असतात, जिथे सोलणाऱ्या बाया कधी जातच नाहीत. ती यादी बायांच्या डबा खायच्या जागेवर आणि मोरीपाशी लावा, मोठ्या मराठी अक्षरात.

तक्रार आल्याच्या दिवशी तीन कामं करा. सीसीटीव्हीचं फुटेज काढून ठेवा, कारण बहुतेक मशिनमध्ये थोड्याच दिवसांत जुन्यावर नवं चढतं. वजनाची वही, हजेरीपट ताब्यात घ्या, आणि ती वही त्या सुपरवायझरच्या हातात परत जाऊ देऊ नका. आणि तक्रार समितीकडे पाठवा, स्वतः ‘दोघांना बोलावून समजावणं’ करू नका. शेठच्या केबिनमध्ये त्याच्यासमोर उभं राहून बाई काय बोलणार? आणि नाही बोलली की तुम्ही म्हणणार, काही नव्हतंच.

बाईला हलवू नका. ‘तुझ्याच भल्यासाठी’ म्हणून तिला ग्रेडिंगमधून कटिंगला, म्हणजे टरफल फोडायला पाठवतात. तिथे टरफलाच्या तेलानं हात काळे पडतात, कातडी सोलवटते, आणि सगळ्या कारखान्याला कळतं की बोललं की काय होतं. ती स्वतः लेखी मागत नसेल तर हलायचं त्यानं. ती रजेवर गेली तर किलोवर मजुरी असलेल्या बाईला रजेचे पैसे कसे मोजायचे यावरून पुढे भांडण होतं. माझा सल्ला असा की मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढून ती रक्कम पहिल्याच दिवशी कागदावर घ्या.

तिला पोलिसांत जायचं असेल तर मदत करणं हे तुमच्यावर बंधन आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली लैंगिक छळ हा गुन्हा आहे. अंगचटीला जाणं, मागणी करणं किंवा अश्लील चित्रं दाखवणं यासाठी ३ वर्षांपर्यंत, अश्लील बोलण्यासाठी १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. समिती आणि पोलीस, दोन्हीकडे एकाच वेळी जाता येतं. त्रास देणारा गिऱ्हाईक, ट्रकवाला, बाहेरचा दलाल असेल तर ‘तो आमचा नोकर नाही’ म्हणून हात झटकू नका. तिथेही तिची इच्छा असेल तर गुन्हा नोंदवायला सोबत जायचं.

समितीपुढे

दिवस असे मोजायचे. तक्रारीची प्रत त्याला ७ कामकाजाच्या दिवसांत, त्याचं उत्तर १० कामकाजाच्या दिवसांत, चौकशी ९० दिवसांत पुरी, त्यानंतर १० दिवसांत अहवाल, आणि अहवाल हातात आल्यापासून ६० दिवसांत मालकाची कारवाई. निकाल पटला नाही तर दोघांनाही ९० दिवसांत अपील. मेधा कोतवाल लेले यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये स्पष्ट केलंय की समितीचा अहवाल हाच खातेनिहाय चौकशीचा अहवाल धरायचा. त्यामुळे ‘आता आमची वेगळी चौकशी करतो’ म्हणून वर्षभर लटकवता येत नाही.

जबाब लिहिताना बाईचे शब्द तिच्या बोलीतच लिहा. २०१८ मध्ये ती म्हणाली, ‘तेणां माझो हात धरल्यान नि सोडूक नाय.’ लिहिणाऱ्या कारकुनानं शुद्ध मराठी करायला जाऊन लिहिलं, ‘त्यांचा हात माझ्या हाताला लागला.’ मी वाचून दाखवायला सांगितलं तेव्हा कळलं. धरणं आणि लागणं यात सगळी केस होती. ते खोडून, तिचे शब्द जसेच्या तसे लिहून, शेजारी तिची सही घेतली. म्हणून जबाब तिला वाचून दाखवल्याशिवाय सही किंवा अंगठा नाही, आणि प्रत तिच्या हातात.

‘खोटी तक्रार केलीस तर तुझ्यावरच कारवाई’ ही धमकी बाईला हटकून दिली जाते. मुद्दाम खोटं बोलल्याचं चौकशीत सिद्ध झालं तरच तसं होतं. तक्रार शाबीत करता आली नाही एवढ्यावरून तिच्यावर कारवाई करता येत नाही. हे कायद्यात स्पष्ट लिहिलंय, अध्यक्षांनी पहिल्याच दिवशी ते मोठ्यानं वाचावं.

जिथे समितीच नाही

कोकणात पडवीत चालणारे, चार-सहा बायांचे काजू युनिट कितीतरी. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा आरोप खुद्द मालकावर असेल, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. घरकाम करणाऱ्या बाईचीही तिथेच. सिंधुदुर्गात जिल्ह्याचं ठिकाण ओरोस. वेंगुर्ल्याच्या बाईला कुडाळला एसटी बदलून जायचं, म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून आधी तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याचं नाव विचारून घ्या. तक्रार तिथेच घेऊन ७ दिवसांत पुढे पाठवणं हे त्याचं काम आहे. नाव सापडत नसेल तर जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. बाईला वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा १५१०० हा नंबर. तातडीला ११२, आणि महिलांची हेल्पलाइन १८१.

युनियननं तिच्यासोबत ओरोसला एक माणूस पाठवावा आणि दोघींचं भाडं युनियनच्या पैशातून द्यावं. खर्च कसला, असं सभेत विचारलं तर ‘सभासदाच्या कामासाठी प्रवास’ एवढंच सांगायचं.

निकालानंतर

निकाल लागला की सगळे पांगतात. तेव्हाच तिला खरी सोबत लागते. शिमग्याला कोणी तिच्या दारात बोलतं का, डबा खाताना शेजारी कोण बसतं, हे मी मुद्दाम बघायला जाते. आणि सहा महिने दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वजनाची वही बघते. पुन्हा आकडा घसरला तर त्याच दिवशी समितीला पत्र.

२०१८ च्या त्या प्रकरणात सुपरवायझरला काढलं आणि तिच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई त्याच्या पगारातून वळती केली. पण मी आणि ती, आम्ही दोघींनी मालकाकडे आणखी एक मागितलं आणि पुढच्या करारात ते लिहून घेतलं: ट्रे वाटणारा आणि वजन करणारा एक माणूस नको, काट्याची काच बाईच्या बाजूला वळलेली हवी, आणि रोजचं वजन तिच्या स्वतःच्या छोट्या वहीतही लिहून मिळालं पाहिजे. तुमच्या कारखान्यात काटा असेल तर हे कलम तसंच उचला. ती वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची, नाहीतर काजूच्या तेलानं पानं चिकटतात.